सोमवारी मिटवलेले मेसेज

"ताई, पयले फोन बंद करा. बंद म्हंजे साफ बंद, नुसता अंधार नाई करायचा. मंग वीसपर्यंत आकडे मोजा. घाई नका करू. त्याले बी जराकसा दम घेऊ द्या." उज्ज्वलाचं हे सांगणं आठवून रत्नप्रभाबाईंनी फोन साफ बंद केला, आकड्यांऐवजी वीसदा देवाचं नाव घेतलं, बोटांच्या पेरांवर, आणि मग चालू केला. काहीच बदललं नव्हतं. देवापुढचा दिवा नुकताच लागला होता, उदबत्तीची राख अजून वाकलीही नव्हती, आणि पडद्यावर उज्ज्वलाच्या नावाखाली सकाळचा तेवढा एकच प्रश्न होता, 'ताई, हाय का?' त्याच्या खाली एकाखाली एक तीन करड्या ओळी. हा मेसेज डिलीट केला आहे, हा मेसेज डिलीट केला आहे, हा मेसेज डिलीट केला आहे. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी जरा दाबून पाहिलं, डब्याचं झाकण निघत नसलं की दाबून पाहतात तसं. मग बोट उचललं आणि पदराला पुसलं. पुसण्यासारखं त्याला काही लागलेलं नव्हतं.

सोमवारी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत त्या बोलत नसत. सहा वर्षं झाली या नेमाला. आधी नुसतं तोंड बंद असे. पुढं सलीलनं, त्यांच्या मुलानं, पुण्याहून हा फोन पाठवला तेव्हा बोटांनी बोलणंही बंद हवं, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि पोथीत फोन कुठून असणार? पण आपला शब्द दुसऱ्याच्या मनात जाऊन पडतो तर ते बोलणंच झालं, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं. वाचायची मात्र मोकळीक ठेवली होती. मौनात कान बंद करत नाहीत, तसे डोळेही कशाला करायचे. अनंतराव, त्यांचे यजमान, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, दर सोमवारी सकाळी पेपर उघडताना म्हणायचे, "आज आकाशवाणी बंद." जेवताना म्हणायचे, "वरण अळणी आहे, पण तक्रार कोणत्या खिडकीवर द्यायची?" त्या हसून मिठाची वाटी पुढं सरकवत. घराला या नेमाची अशी सवय झालेली होती. आजही अकराच्या सुमाराला त्या पाटाशी बसून वाती वळत होत्या, आणि फोन पाटावरच होता. 'ताई, हाय का?' असं आलं. त्यांनी वाचलं. वाचल्यावर तिकडं दोन खुणा निळ्या होतात, हे त्यांना ठाऊक होतं. ते उज्ज्वलानंच शिकवलं होतं. मग फोन तीनदा थरथरला, पाटावरचा कापूस त्याबरोबर हलला, आणि मोह नको म्हणून त्यांनी फोन पालथा घातला. संध्याकाळी निवांत बोलू, एवढंच मनात आलं. आता त्या पालथं घालण्याचा आवाज, काचेचा लाकडावर झालेला बारीकसा टक्, त्यांना पुन्हा ऐकू आला, आणि तो सकाळी ऐकला होता त्याहून मोठा वाटला.

'काय गं, काय पाठवलं होतंस?' त्यांनी लिहिलं. बऱ्याच वेळानं उत्तर आलं, 'काई नाई ताई. चुकून गेलते.' हे काही पटण्यासारखं नव्हतं. उज्ज्वलाच्या हातून चुकून काही जात नसे. वणीकडं, मुकुटबनच्या अलीकडं, बंजाऱ्यांच्या एका तांड्यावर राहणारी ही तिशीची पोर, बारावी झालेली, नवरा सुनील हैदराबादेकडं बांधकामावर, घरात दोन लेकरं आणि सासू हंसाबाई, जिला ती तांड्याच्या बोलीत याडी, म्हणजे आई, म्हणायची. साऱ्या तांड्याचे फोन बिघडले की तिच्या ओसरीवर यायचे. 'घरचं तंत्र' नावाच्या ग्रुपवर रत्नप्रभाबाईंना ती भेटली, दोन वर्षांपूर्वी. सलीलनंच त्यांना तिथं घातलं होतं. "आई, अक्षर मोठं कसं करू, हे विचारायला मला ऑफिसात फोन करू नकोस गं. इथं विचार. सगळे तुझ्यासारखेच आहेत." आणि होतेही. फोन का तापतो, मिक्सरचा वास का येतो, गॅसचा नंबर लागत नाही, आणि मधूनच आज कुणाकडं काय भाजी. नेरचा संघदीप म्हणून एक होता, मोटारपंप दुरुस्त करणारा. तो दर प्रश्नावर आधी थट्टा करायचा आणि मग उत्तर द्यायचा. फोन पाण्यात पडला म्हणून कुणी घाबरून विचारलं, तर त्यानं लिहिलं, 'पोहता येत असन तर येईन वर.' त्याखाली उज्ज्वलाचं आलं, 'त्याइचं नका ऐकू. पुसा, बंदच ठेवा, एक दिवस हात नका लावू. अन् तांदळात नका घालू, तांदूळ खायाचे राह्यते.' रत्नप्रभाबाईंच्या अक्षराचा प्रश्नही तिनंच सोडवला होता, आवाज पाठवून, एकेक बटण सांगत: "आता पाहा, गाईच्या डोळ्याएवढाले झाले का नाई अक्षरं?" झाली होती. आयुष्यभर शिक्षण विभागाच्या कचेरीत इंग्रजी-मराठी कागद चालवलेल्या बाईला त्या दिवशी पुन्हा वाचता येऊ लागल्यासारखं वाटलं होतं.

मग दोघींचं वेगळं बोलणं सुरू झालं, रोजचं, फारसं काही नसलेलं. 'आज काय केलं ताई?' 'भगर.' 'भगर अन् काय?' 'भगर आणि देवाचं नाव.' 'मंग पोट कायनं भरते तुमचं?' आणि खाली हसणारी तोंडं. तिकडून अंबाडीच्या भाजीचा फोटो यायचा, लेकरानं पाटीवर काढलेल्या ट्रॅक्टरचा यायचा. एकमेकींना त्यांनी पाहिलेलं नव्हतं. फोनसुद्धा कधी केला नव्हता. फोन केला की काही कारण लागतं. इथं कारण लागत नसे. नातं म्हणावं तर त्याला नाव नव्हतं, आणि नाव नसल्यामुळं त्याची काळजी घ्यावी लागते हे रत्नप्रभाबाईंच्या ध्यानात आलं नव्हतं. देवघरातल्या प्रत्येक मूर्तीला त्या रोज पुसत. हे मात्र आपोआप चाललेलं होतं, नळाचं पाणी चालावं तसं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. ग्रुपवर संघदीपनं लिहिलं, 'उज्ज्वलाताई रजेवर हायेत काय? माह्या बायकोचा फोन माह्यापेक्षा जास्त तिचं ऐकून राह्यला, त्याले काही सेटिंग असन तर सांगा.' एरवी अशावर ती पाच मिनिटांत तुटून पडली असती. कुणीतरी हसलं, कुणीतरी दुसरंच विचारलं, आणि बोलणं पुढं गेलं. रत्नप्रभाबाईंनी गुरुवारी सकाळी पूजा आटोपून लिहिलं, 'तब्येत बरी आहे ना? घरी सगळे ठीक?' आणि फोन समोर ठेवून बसल्या. दुपारी उत्तर आलं. शब्द नव्हते. जोडलेले दोन हात होते, पिवळे, बाह्या नसलेले.

ते हात त्यांच्या ओळखीचे होते. हा फोन आल्यापासून त्या ते हात पाहत होत्या. दिवाळीला, पाडव्याला, वाढदिवसाला, घरच्या ग्रुपवर भैरवीकडून तेवढेच यायचे. भैरवी त्यांची लेक, नाशिकला असते. तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं तेव्हा रत्नप्रभाबाई रात्रीच्या गाडीनं जाऊन पोचल्या होत्या. दवाखान्याची खोली, खिडकीला अर्धवट ओढलेला हिरवा पडदा, भैरवीचे कोरडे ओठ, आणि परिचारिकेच्या चपलांचा फरशीवरचा चटक् चटक् आवाज. धीर द्यायचा म्हणूनच त्या तिच्या उशाशी बसल्या होत्या. केसांवरून हात फिरवत होत्या. आणि तोंडातून आलं, "मी सांगितलेले सोमवार धरले असतेस तर हे झालं नसतं." नऊ शब्द. रागानं नव्हते आले, हेच त्यातलं वाईट. मायेनं आले होते, हळू आवाजात, त्यांच्या नेहमीच्या आवाजात, ज्या आवाजाचं सगळे कौतुक करत की बाईंचं बोलणं कसं मऊ. भैरवीनं डोकं त्यांच्या हाताखालून काढून घेतलं, भिंतीकडं केलं, आणि म्हणाली, "आई, तू जरा बाहेर बस." त्या बाहेर बसल्या. लोखंडी बाक थंड होता. त्याच्यावर बसूनच त्यांनी मनाशी ठरवलं होतं की मी सोमवारी बोलणार नाही. प्रायश्चित्त म्हणून ठरवलं होतं. पण प्रायश्चित्ताच्या पोटात आणखी काही होतं, ते त्यांनी कधी बाहेर काढून पाहिलं नव्हतं. भैरवीला आता पुन्हा दिवस राहिले होते. त्यांना ते अनंतरावांकडून कळलं, ते गॅलरीत उभे राहून लेकीशी बोलतात. सातवा महिना लागला होता.

आता दोघीजणींचे जोडलेले हात एकाच फोनमध्ये होते. रत्नप्रभाबाई एकदा इकडचे पाहायच्या, एकदा तिकडचे. फरक नव्हता. फोन बनवणाऱ्यानं साऱ्या जगाला एकच हात दिले होते. एकीला बोलून गमावलं आणि दुसरीला न बोलून, असं काहीसं मनात आलं आणि त्यांनी ते पुढं जाऊ दिलं नाही, कारण ते फार नीटनेटकं वाटत होतं आणि छातीत जे होतं ते नीटनेटकं नव्हतं. कापूस हातात होता आणि वात वळत नव्हती. शुक्रवारी दुपारी, अनंतराव आडवे झाल्यावर, त्यांनी उज्ज्वलाला फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"कोण बोलून राह्यलं?" म्हातारा, जाड, बाईचा आवाज. मागं कोंबड्या.

"मी रत्नप्रभा. यवतमाळहून. उज्ज्वला आहे का घरी?"

"फोनवाली ताई का? सोमवारी मुकी राह्यते थे?"

"हो. तीच मी," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "आपण हंसाबाई ना?"

"होये. आज शुक्रवार हाय म्हून बोलून राह्यली काय? बरं हाय बापा. आमच्या घरी तं तोंडाले सुट्टीच नाई." मग आवाज खाली आला. "बाई, तुमी तरी सांगा तिले. जेवून नाई राह्यली. मले काही सांगत नाई, म्हंते याडी, काही नाई, काही नाई. म्या काय आंधळी हाओ?" आणि तिकडं कुणीतरी जवळ येत म्हणालं, "याडी, आण इकडं फोन." चालण्याचा आवाज आला, दार लागल्याचा आला, कोंबड्या लांब गेल्या.

"बोला ताई."

ऐकलेलाच आवाज होता, पण आजवर तो पेटीत भरून आल्यासारखा यायचा, बोलणं संपलं की संपायचा. आता त्याच्यात श्वास ऐकू येत होता. "काय झालं गं?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं. "चुकून गेले नव्हते ना ते?"

"नाई ताई."

"मग मिटवलेस का?"

 उज्ज्वला म्हणाली, "सोमवार होता. माह्या ध्यानातच नाई राह्यलं. पाठवून बसली अन् मंग आठोलं. म्हटलं, आता ताई हे वाचतीन, अन् वाचल्यावर त्याइले बोलल्याबिगर राहावणार नाई. माह्यापायी त्याइचा नेम मोडन. आमच्या याडीचा बी नेम असते, नवरात्रात. आमी तिच्यासमोर पाय वाजवत नाई. कोणाचा नेम आपल्यापायी मोडू नये ताई. म्हून पटपट काढून टाकले."

"आणि होतं काय त्यात?"

"रिपोर्ट होता. सोनोग्राफीचा. डाव्या बाजूले गाठ हाय माह्या, छातीत." हे ती भराभर बोलली, पत्ता सांगावा तसं. "सगळं इंग्रजीत. मंग म्या फोनच फिरवला त्याच्यावर, ते नाई का, कॅमेरा धरला की मराठीत करून दाखवते. म्याच तं शिकवलं सगळ्याइले. तं त्यानं दाखवलं, 'संशयास्पद वस्तुमान.' तीनदा फिरवून पाह्यलं. तीनीबी डाव तेच. म्हटलं, हे काय बोलणं झालं? एखाद्या माणसाले इचारावं. दुसऱ्या मेसेजात तेवढंच होतं, की ताई, तुमी वाचून सांगा. अन् तिसऱ्यात होतं, मले भेव लागून राह्यलं."

रत्नप्रभाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. पहिला कान गरम झाला होता. "सुनीलला कळवलंस?"

"त्याचं काम सुटन. तो येऊन करन काय? यवतमाळले बोलावलं हाय, मोठ्या दवाखान्यात. सुई टोचून पाह्यतीन म्हंते. लालीबाई हाय आमच्या तांड्यावरची, ते येतो म्हंते संग. पण थे बी माह्यासारखीच. डॉक्टर सायेब बोलले की होय म्हणाचं अन् बाहीर याचं. काय इचारा लागते तेच समजत नाई आमाले. फोनचं असतं तं म्या शंभर प्रश्न इचारले असते." ती जराशी हसली. ते हसणं रत्नप्रभाबाईंना सहन झालं नाही.

"मी येते. बसस्टँडवर थांबते, तिथून बरोबर जाऊ. डॉक्टरांपुढं मी बसते तुझ्याजवळ. मी विचारते सगळं. वाचते पण. कधी बोलावलंय?"

"सोमवारी," उज्ज्वला म्हणाली. आणि मग, फार हळू, "सोमवार हाय ताई. राहू द्या."

रत्नप्रभाबाईंच्या समोर देवघर होतं. समईची वात काजळली होती. "किती वाजता येते तुझी गाडी?" त्यांनी विचारलं.

"साडेनऊ, पावणेधा."

"येते मी. वचन देते."

शब्द दिला तेव्हा सोपा होता. शनिवारी तो जड झाला. खोबरं किसताना, धुतलेलं पातळ झटकताना, त्या मनात भैरवीचे महिने पुन्हा मोजायच्या, आणि दर वेळी सातवाच यायचा. सहा वर्षांत तीनशेच्या वर सोमवार झाले असतील, तापात झाले, भावाच्या मुलीच्या लग्नात झाले, एकही मोडला नाही. मोडायचा तर आत्ताच, याच महिन्यात? कळंबला चिंतामणीपुढं जाऊन बसावं असं वाटलं, गाडीनं तासाभराचाही रस्ता नाही. पण तिथं जाऊन विचारायचं काय? देव काही म्हणाला असता तर ते त्यांना त्यांच्याच मऊ आवाजात ऐकू आलं असतं, आणि त्या आवाजाची त्यांना आता भीती वाटत होती. मौन पाळून कागदावर लिहून विचारता येईल का डॉक्टरांना, असाही एक विचार येऊन गेला. आपण डॉक्टरांपुढं चिठ्ठ्या सरकवतो आहोत आणि शेजारी उज्ज्वला हात मांडीत धरून बसली आहे, हे चित्र त्यांनी एकदाच पाहिलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. रविवारी संध्याकाळी तुळशीपाशी उभ्या असताना ते सरळ समोर आलं, जे इतकी वर्षं प्रायश्चित्ताच्या पोटात होतं. आपण गप्प राहिलो म्हणून लेकीचं बाळ सुखरूप आहे, आणि बोललो तर त्याला काही होईल. असंच त्या मानत आल्या होत्या. आणि हे मानायचं तर ते नऊ शब्दही मानायचे. मग त्या दिवशी भैरवीच्या उशाशी बसून त्या खरं तेच बोलल्या होत्या, चूक भैरवीचीच होती, तिनं सोमवार धरले नव्हते. दर सोमवारी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत, तोंड मिटून, त्या लेकीला तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवत होत्या. तुळशीची माती कोरडी होती. त्यांनी पाणी घातलं, ते झिरपेपर्यंत उभ्या राहिल्या. देवावर रुसायचं काही कारण नव्हतं. त्यानं कधी असा सौदा मागितलाच नव्हता.

सोमवारी त्यांनी पहाटे स्नान केलं, पूजा केली, वाती लावल्या. उपास होता, तो ठेवला. अनंतराव पेपर घेऊन बसले आणि सवयीनं म्हणाले, "आज आकाशवाणी बंद."

"मी बसस्टँडवर जाते आहे," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "वणीकडची गाडी साडेनवाला येते. तिथून दवाखान्यात. दुपार होईल. तुमचं ताट झाकून ठेवलंय."

अनंतरावांनी पेपर खाली घेतला. सोमवार सकाळचा तो आवाज त्यांनी सहा वर्षांत ऐकला नव्हता. तो जरा घोगरा होता. "त्या मुलीसाठी?" त्यांनी विचारलं. उज्ज्वलाचं सगळं त्यांना माहीत होतं. मग थोडं थांबून, चष्मा काढत म्हणाले, "प्रभा, आणखी दोन महिने काढले असते. भैरवीचं नीट होऊ द्यायचं होतं."

"म्हणजे तुम्हालाही वाटतं ना तसं?"

त्यांनी पेपरची घडी घातली.

"मलाही वाटतं," त्या म्हणाल्या. "वाटतं म्हणूनच जाते."

त्यांनी चष्म्याचं घर, पाण्याची बाटली आणि एक कोरी वही पिशवीत घातली. अनंतराव उठून दारापर्यंत आले, कडी काढली, आणि नेहमी त्या करतात तसं या वेळी त्यांनी नुसती मान हलवली. बाहेर ऊन अजून कोवळं होतं. रस्त्याला कुणी नव्हतं, कोपऱ्यावर एक ऑटो पुसला जात होता. तिथवर चालत जाताना रत्नप्रभाबाई हळू, पण ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणत होत्या, गळा मोकळा व्हावा म्हणून, एकेक सुटं करून: डॉक्टर, गाठ केवढी आहे? सुई टोचताना दुखेल का? रिपोर्ट किती दिवसांत येईल? आला की तो आम्हाला मराठीत समजावून कोण सांगेल?